नदीमुखातले फोरॅमिनिफेरा: कोण कुठे राहतं आणि का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नदीमुखाचा गाळ पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की प्रश्न पडू लागतात, आणि तेच प्रश्न वेगवेगळ्या लोकांकडून पुन्हापुन्हा येतात. त्यांतले हमखास येणारे इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. फोरॅमिनिफेरा म्हणजे काय? छोटे शंखच ना ते?

नाही, पण एकेकाळी जाणकारांनाही तसंच वाटायचं. १८२६ मध्ये अल्सिद दॉर्बिन्यी यांनी त्यांचं पद्धतशीर वर्गीकरण केलं तेव्हा त्यांना थेट माखलीच्या गोतावळ्यात, म्हणजे शीर्षपाद प्राण्यांत बसवलं. १८३५ मध्ये फेलिक्स दुजार्दँ यांनी जिवंत नमुने पाहून दाखवून दिलं की आत अवयव वगैरे काही नाहीत, सगळा कारभार एकाच पेशीचा आहे. ही पेशी स्वतःभोवती कवच बांधते, बहुतेक वेळा एकापुढे एक कप्पे वाढवत. कवचाच्या तोंडातून ती जीवद्रव्याचे बारीक धागे बाहेर सोडते आणि त्या धाग्यांचं जाळं तयार होतं. सरपटणं, अन्न पकडणं, कवचासाठी सामान गोळा करणं, सगळं या जाळ्याच्या जोरावर.

नदीमुखातल्या बहुतेक जाती अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. साध्या डोळ्याला ती वाळूच दिसते.

२. समुद्राकडून नदीकडे जाताना जाती कशा बदलत जातात?

ढोबळ क्रम असा. मुखाशी, जिथे पाणी जवळपास समुद्राइतकं (दर हजारी ३५ च्या आसपास) खारं असतं, तिथे जाती सर्वांत जास्त. चिनी मातीसारख्या गुळगुळीत पांढऱ्या कवचाची क्विन्क्वेलोक्युलिना, दगड-शिंपल्यांना चिकटून राहणारी सिबिसिडिस, अशी समुद्री मंडळी इथे दिसतात. मधल्या भागात, जिथे क्षारता दिवसातून दोनदा वरखाली होते, तीन-चार नावं सगळी जागा अडवून बसतात: अमोनिया (त्या नावाच्या वायूशी हिचा संबंध नाही), एल्फिडियम, हेनेसिना जर्मॅनिका. आणखी वर, पाणी मचूळ होत गेलं की चुन्याची कवचं विरळ होतात आणि वाळूचे कण चिकटवून घर बांधणाऱ्या मिलिॲमिना फुस्का, ॲमोटियम, ॲमोबॅक्युलाइट्स यांचं राज्य सुरू होतं. त्याहीपुढे, गोड्या पाण्यात, सेंट्रोपिक्सिस आणि डिफ्लुजिया भेटतात. हे कवचधारी अमीबा आहेत, फोरॅमिनिफेरा नव्हेत. सुरुवातीला दोघांची गल्लत सर्रास होते.

मुखाकडून आत जाताना जाती घटतात, संख्या मात्र घटतेच असं नाही. मधल्या चिखलपट्टीवर दोन-तीनच जाती असतील, पण १० घन सेंटीमीटर गाळात त्यांची शेकडो जिवंत कवचं मिळू शकतात. स्पर्धक कमी आणि डायटमचं (एकपेशीय शेवाळाचं) जेवण भरपूर, त्यामुळे जो हे हेलकावे सोसू शकतो त्याची चैन असते.

३. म्हणजे क्षारता मोजली की कुठली जात मिळेल ते सांगता येईल?

हा प्रश्न सर्वाधिक येतो, आणि आमचं उत्तर ठाम 'नाही' असं आहे. प्र. २ मधला क्रम खरा आहे, पण त्याला क्षारतेचा तक्ता समजू नका. नदीमुखात क्षारतेबरोबर दहा गोष्टी बदलतात. वर जाल तसा गाळ बारीक होतो, सेंद्रिय पदार्थ वाढतात, सामू घसरतो, पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट कमी होतं, तापमानाचे चढउतार तीव्र होतात. हे सगळं हातात हात घालून चालत असल्यामुळे आलेखावर क्षारतेची रेघ छान बसते आणि कारण सापडल्यासारखं वाटतं. अमोनियासारखी जात तर मचूळ पाण्यापासून समुद्राहून खाऱ्या पाण्यापर्यंत तग धरते. ती सापडली यावरून क्षारतेबद्दल फारसं काहीच सिद्ध होत नाही.

त्यातही तुम्ही क्षारता कुठली मोजली हा प्रश्न उरतोच. होडीतून बादली सोडून काढलेलं पाणी हे या जिवांचं पाणी नव्हे. खारं पाणी जड असल्याने ते तळाशी पाचरीसारखं आत घुसतं आणि वरून गोडं पाणी वाहत राहतं. पृष्ठभागाची क्षारता १० असताना तळाशी ती २५ असू शकते. शिवाय गाळात मुरलेलं पाणी वरच्या पाण्याच्या मानाने सावकाश बदलतं, म्हणून भरती-ओहोटीचे धक्के गाळातल्या रहिवाशांपर्यंत सौम्य होऊन पोचतात. मोजायचंच असेल तर तळालगतचं पाणी मोजा, आणि शक्य असेल तर गाळातलंही. एका वेळच्या आकड्यापेक्षा किमान-कमाल पल्ला जास्त कामाचा, कारण सरासरी बरी असूनही एका आठवड्याचं गोडं पाणी एखाद्या जातीला हद्दपार करू शकतं.

४. भरतीरेषेजवळच्या दलदलीत अगदीच वेगळ्या जाती का असतात?

कारण तिथे हिशेब क्षारतेचा कमी आणि उंचीचा जास्त आहे. खाऱ्या दलदलीच्या अगदी वरच्या काठावर उधाणाचं पाणी महिन्यातून काही दिवसच पोचतं. बाकीचा काळ ऊन, पाऊस, कोरडेपणा आणि कुजणाऱ्या पानांचं आम्ल. हे सोसणारे थोडेच. एंट्झिया मॅक्रेसेन्स (जुन्या लेखनात जाडॲमिना मॅक्रेसेन्स) आणि ट्रोकॅमिना इन्फ्लेटा ही त्यांतली ठरलेली नावं. उतारावरून खाली आलं की मिलिॲमिना फुस्का वाढते, आणि त्याखाली उघड्या चिखलावर चुन्याच्या कवचांचे अमोनिया-एल्फिडियम सुरू होतात.

डेव्हिड स्कॉट आणि फ्रँको मेडिओली यांनी १९७८ मध्ये हे पट्टे समुद्रपातळीशी जोडून दाखवले. पाण्याखाली किती वेळ राहावं लागतं यावर पट्टे ठरत असतील, तर जुन्या गाळातला पट्टा ओळखून त्या काळची भरती कुठवर येत होती ते सांगता यायला हवं, हा त्यांचा युक्तिवाद. त्याचा वापर प्र. १६ मध्ये पाहा. पट्ट्यांमधल्या जाती मात्र जगभर सारख्या क्रमाने लागत नाहीत. थंड प्रदेशातली गवताळ दलदल आणि उष्ण प्रदेशातलं खारफुटीचं जंगल यांचे तपशील वेगळे असतात, म्हणून एका किनाऱ्याचा तक्ता दुसऱ्या किनाऱ्यावर लावू नये.

५. काही कवचं वाळूची आणि काही चुन्याची, हे कशावर ठरतं?

कवच कसलं बांधायचं हे जातीवर ठरतं, परिस्थितीप्रमाणे एखादी जात साहित्य बदलत नाही. परिस्थिती ठरवते ते इतकंच, की कुठली जात तिथे टिकेल. चुन्याचं कवच बांधायला पाण्यात पुरेसं कॅल्शियम कार्बोनेट हवं, आणि बांधून झाल्यावर ते विरघळता कामा नये. मचूळ, आम्लधर्मी, कुजक्या पाण्यात दोन्ही महाग पडतं. वाळूचे कण सेंद्रिय लुकणाने जोडणारे गवंडी तिथे फायद्यात राहतात.

तिसरा प्रकार चिनी मातीसारख्या कवचांचा. तो साधारणपणे पूर्ण खाऱ्या किंवा त्याहून खाऱ्या पाण्याचा रहिवासी. या तीन प्रकारांचं प्रमाण त्रिकोणी आलेखावर मांडण्याची जॉन मरे यांची पद्धत अजूनही पहिल्या नजरेसाठी उत्तम आहे. नमुना चुन्याच्या आणि वाळूच्या कवचांना जोडणाऱ्या बाजूवर पडला की नदीमुखाचा किंवा दलदलीचा संशय घ्यायला हरकत नाही.

६. आमच्या नमुन्यात चुन्याचं एकही कवच नाही. म्हणजे त्या जाती तिथे राहतच नाहीत?

असा निष्कर्ष काढू नका. जिवंतपणी पेशी कवच सांभाळते, मेल्यावर ते गाळाच्या हवाली होतं. आम्ल गाळात चुन्याची कवचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत विरघळून जाऊ शकतात, मागे राहतं ते आतलं पातळ सेंद्रिय अस्तर. सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी, चुरगळलेल्या गुंडाळ्या दिसल्या तर त्या फेकू नका, त्या हेच सांगत असतात. मरे आणि एलिझाबेथ आल्वे यांनी १९९९ मध्ये मुद्दाम आम्ल घालून चुन्याची कवचं विरघळवली आणि उरलेल्या वाळूच्या कवचांतून किती माहिती टिकते ते तपासलं. बरीच टिकते. मात्र मूळ वस्तीचं प्रमाण टिकत नाही.

७. जिवंत कोण आणि मेलेलं कोण, कसं ओळखायचं?

रूढ उपाय रोझ बेंगाल या रंगाचा. विल्यम वॉल्टन यांनी १९५२ मध्ये तो सुचवला. नमुना काढताच रंग घातलेल्या अल्कोहोलमध्ये ठेवायचा. पेशीतल्या प्रथिनांना गडद गुलाबी रंग चढतो, रिकामी कवचं तशीच राहतात. अडचण अशी की प्रथिन मेल्यावरही काही आठवडे, गाळात ऑक्सिजन नसेल तर महिनेही टिकतं, त्यामुळे 'गुलाबी' म्हणजे 'आत्ता जिवंत' नव्हे, 'आत्ता किंवा अलीकडे जिवंत'. शेवटचा कप्पा सोडून बाकीचे कप्पे भरगच्च आणि एकसारखे रंगलेले असतील तरच आम्ही जिवंत धरतो. कवचाच्या आत शिरलेला सूत्रकृमीही गुलाबी होतो. नवशिक्यांच्या मोजणीत असे भाडेकरू बरेच निघतात. अधिक खात्री हवी असेल तर चालू चयापचय असलेल्या पेशीतच चमकणारी रंगद्रव्यं मिळतात, पण त्यासाठी नमुना जिवंत अवस्थेत प्रयोगशाळेत पोचवावा लागतो.

८. गाळात किती खोलवर सापडतात?

उघड्या चिखलात बहुतेक सगळे वरच्या एक-दोन सेंटीमीटरमध्ये. खाली ऑक्सिजन संपतो आणि ताजं अन्नही. खोलीची मर्यादा या दोहोंपैकी जे आधी संपेल त्याने ठरते, असं योरिसेन आणि सहकाऱ्यांचं १९९५ मधलं प्रारूप सांगतं. नदीमुखात अन्नाची टंचाई क्वचितच, त्यामुळे लगाम ऑक्सिजनच्या हाती. अपवाद दलदलीचा: तिथे मुळं आणि खेकड्यांची बिळं हवा खाली नेतात, आणि जिवंत नमुने काही डेसिमीटर खोलही मिळालेले आहेत.

ऑक्सिजन संपला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून कळलं की काही फोरॅमिनिफेरा नायट्रेट साठवून त्यावर श्वसन करतात. तो शोध फ्योर्डच्या (डोंगरांत घुसलेल्या अरुंद, खोल खाडीच्या) तळाशी राहणाऱ्या ग्लोबोब्युलिमिनाचा होता. चिखलपट्टीवरच्या हेनेसिना आणि एल्फिडियमची युक्ती निराळी. डायटम खाऊन ते त्यांची हरितलवकं पचवत नाहीत, शरीरात जपून ठेवतात, आणि ती काही काळ उजेडात कामही करतात. म्हणून ताजा हेनेसिना रंग न लावताही हिरवा-पिवळा दिसतो.

९. हातभर अंतरावरचे दोन नमुने इतके वेगळे कसे? आमचं काही चुकतंय का?

बहुधा नाही. हे जीव पुंजक्यांनी राहतात. एक पेशी विभागून एकाच जागी डझनावारी पिल्लं सोडते, शेजारी शेवाळाचा दाट थर असतो, पलीकडे गोगलगाय चरून गेलेली असते. पुंजकेही स्थिर नसतात. मार्टिन बुझास यांनी फ्लोरिडाच्या एका लगूनमध्ये (समुद्राला जोडलेल्या उथळ सरोवरात) वर्षानुवर्षं मोजणी करून दाखवलं की एका जागची घनता वाढते, ओसरते आणि शेजारची त्याच वेळी उलट वागू शकते. म्हणून एकाच ठिकाणाहून किमान तीन स्वतंत्र नमुने घ्या आणि त्यांच्यातला फरक लपवू नका, तोही निष्कर्षच आहे.

१०. नमुना घेण्याची काही मान्य पद्धत आहे का? किती कवचं मोजायची?

जैविक निरीक्षणासाठी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली फोबिमो ही संहिता आहे. थोडक्यात: गाळाचा वरचा १ सेंटीमीटर, तीन प्रती, लिटरमागे किमान २ ग्रॅम रोझ बेंगाल, किमान १४ दिवस मुरवणं आणि १२५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर राहिलेल्यांची मोजणी. नदीमुखापुरतं आमचं मत असं, की ६३ मायक्रॉनची चाळणीही लावावी. इथल्या जाती मुळातच लहान, आणि १२५ ची चाळणी पिल्लांसकट अर्धी वस्ती धुऊन टाकू शकते. दोन्ही भाग वेगळे मोजले तर तुलनेचाही प्रश्न मिटतो.

कवचं ३०० मोजावीत हा रिवाज आहे. पाचच जाती असलेल्या दलदलीच्या नमुन्यात १०० नेही मुख्य प्रमाण कळतं.

११. नमुन्यात खोल समुद्रात तरंगणाऱ्या जातींची कवचं निघाली. हे कसं?

भरतीने वाहून आणलेली. दीड-दोनशे मायक्रॉनखालची रिकामी कवचं गढूळ पाण्यात तरंगत मुखापासून बरीच आत येतात, विशेषतः भरतीचा पल्ला मोठा असेल तिथे. पिन्शियान वांग आणि जॉन मरे यांनी १९८३ मध्ये याच उपऱ्या कवचांचा उपयोग भरतीचा जोर ओळखण्यासाठी सुचवला. ओळखायची खूण: सगळी जवळपास एकाच आकाराची, एकही रंगलेलं नाही, आणि त्या जातीचे मोठे नमुने गैरहजर.

याची दुसरी बाजू अधिक गमतीची आहे. जिवंत पिल्लंही अशीच वाहून येतात आणि परिस्थिती जुळेपर्यंत गाळात निपचित पडून राहतात. आल्वे आणि सुसन गोल्डस्टाइन यांनी लांबच्या जागेचा बारीक गाळ प्रयोगशाळेत वेगवेगळ्या परिस्थितीत वाढवला, तेव्हा मूळ जागी मोठ्या झालेल्या न दिसणाऱ्या जातीही उगवल्या. एखादी जात कुठे 'नाही' याचा अर्थ ती तिथे पोचली नाही असा नसून, पोचूनही वाढू शकली नाही, असा असू शकतो.

१२. मोठा पूर आला की सगळे मरतात का?

सगळे नाही. पुराचे दोन परिणाम होतात आणि ते वेगळे ओळखावे लागतात. एक म्हणजे गोड्या पाण्याचा ताण, ज्यात समुद्री जाती आधी जातात आणि अमोनियासारखे तोंड मिटून काही काळ काढतात. दुसरा म्हणजे गाळाचा वरचा थरच वाहून जाणं किंवा त्यावर जाड नवा थर बसणं. वस्ती मोकळी होण्याचं कारण बऱ्याचदा हे दुसरं असतं, दोष मात्र क्षारतेला दिला जातो. ऋतूनुसार पूर येणाऱ्या नद्यांत दरवर्षी हे चक्र फिरतं, म्हणून फक्त कोरड्या ऋतूतल्या नमुन्यांवरून काढलेला नकाशा अर्धाच असतो.

१३. वाकडीतिकडी कवचं मिळाली. प्रदूषण आहे का?

असू शकतं. आल्वे यांनी नॉर्वेतल्या जड धातूंनी दूषित सोरफ्योर्डमध्ये अशा विकृती नोंदवल्या आणि त्यानंतर हा विषय लोकप्रिय झाला, आमच्या मते जरा जास्तच. क्षारतेचे झटके, आम्लता आणि तुटलेल्या कवचाची डागडुजी यांनीही तसेच आकार तयार होतात, आणि स्वच्छ जागीही थोडी विकृत कवचं असतातच.

मूळ पेच याहून मोठा आहे. नदीमुख ही निसर्गतःच ताणाची जागा. कमी जाती, एका जातीचं वर्चस्व, लहान आकार, या प्रदूषणाच्या मानल्या जाणाऱ्या सगळ्या खुणा निर्मळ नदीमुखातही दिसतात. म्हणून किनाऱ्यासाठी बनवलेले विविधतेचे निर्देशांक इथे जसेच्या तसे लावले की प्रत्येक नदीमुख 'खराब' ठरतं. तुलना त्याच नदीमुखातल्या, त्याच उंचीच्या, तशाच गाळाच्या स्वच्छ जागेशी करा. तशी जागा उरलेलीच नसेल तर गाळाचा गाभा (नळी खुपसून काढलेला उभा नमुना) काढून उद्योगपूर्व थराशी करा.

१४. अमोनिया-एल्फिडियम निर्देशांक नदीमुखात चालतो का?

जपून. दोघांच्या एकूण संख्येत अमोनियाचा वाटा किती टक्के, इतकाच तो निर्देशांक आहे. बरुण सेन गुप्ता आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये लुइझियानाच्या उथळ समुद्रात तो ऑक्सिजनच्या टंचाईसाठी वापरला, कारण अमोनिया ती टंचाई अधिक सोसते. नदीमुखात मात्र क्षारता, तापमान आणि गाळाचा पोतही हे प्रमाण हलवतात. एकाच जागच्या गाभ्यात काळानुसार बदल पाहायला तो ठीक, दोन वेगळ्या जागांची तुलना करायला नाही.

१५. अमोनिया बेकारी लिहू की अमोनिया टेपिडा? आणि समुद्रापेक्षा खारट नदीमुखाचं किंवा गोड्या पाण्याचं काय?

पहिल्या भागाचं उत्तर: जनुकीय कामातून दिसलं की एकाच नावाखाली अनेक वंश दडले आहेत, आणि कवचावरची छिद्रं लहान-मोठी असणं यासारख्या बारकाव्यांनीच ते ओळखता येतात. जुन्या नोंदींतलं 'बेकारी' बऱ्याचदा नुसतं 'अमोनियाची कुठलीतरी जात' असं वाचावं. खात्री नसेल तर प्रजातीच्या (इथे नुसतं 'अमोनिया') नावावर थांबा आणि छायाचित्र जोडा.

दुसऱ्या भागाचं: पाऊस कमी आणि बाष्पीभवन जास्त असलं की नदीमुख उलटं वागतं, आत जावं तसा खारटपणा वाढतो. सेनेगलमधलं कासामान्स हे त्याचं अभ्यासलेलं उदाहरण. अशा ठिकाणी प्र. २ चा क्रम पाठ करून गेलात तर फसाल. आणि गोड्या पाण्यात फोरॅमिनिफेरा अजिबात नसतात असंही नाही: कवच नसलेला रेटिक्युलोमिक्सा हा गोड्या पाण्यातला जीव १९९९ मध्ये जनुकांवरून त्यांच्यातलाच ठरला. प्र. ४ मधला एंट्झिया ही प्रजाती तर पहिल्यांदा वर्णिली गेली ती समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, ट्रान्सिल्व्हानियातल्या खाऱ्या दलदलीतून.

१६. जुन्या गाळावरून समुद्रपातळी खरंच कळते का, आणि किती अचूक?

आधी आजच्या दलदलीवर खालून वर नमुने घेऊन प्रत्येक उंचीला कोण राहतं ते नोंदवतात. मग ते नातं गणिती सूत्रात बसवून गाभ्यातल्या प्रत्येक थराला लावतात. स्कॉट आणि मेडिओली यांनी सर्वांत वरच्या पट्ट्यासाठी ५ सेंटीमीटर अधिक-उणे इतक्या अचूकतेचा दावा केला होता. सर्वसाधारण कामात १०-२० सेंटीमीटर मिळाले तरी उत्तम, आणि भरतीचा पल्ला मोठा असेल तिथे चूक त्याच प्रमाणात वाढते. पीटचा (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा) थर वरच्या वजनाने दबलेला असेल तर ती दुरुस्ती वेगळी करावी लागते.

सर्वांत नाट्यमय उपयोग उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर झाला. २६ जानेवारी १७०० च्या कॅस्केडिया भूकंपात तिथली दलदलीची जमीन एकाएकी खचली. गाभ्यात वरच्या दलदलीच्या जाती एका रेषेत थांबतात आणि लगेच वर चिखलपट्टीच्या जाती सुरू होतात. त्या दोन समूहांच्या उंचीतला फरक मोजून जमीन किती खचली याचे अंदाज काढले गेले. हे अंदाज जागेनुसार साधारण अर्धा ते दोन मीटर येतात.